खाण कंपन्यांचे जुने शेअर सर्टिफिकेट : छपाई कशी ओळखायची, कागद कसा टिकवायचा?

तुमसरकर

नमस्कार मंडळी. रद्दीच्या गठ्ठ्यात खाण कंपन्यांची जुनी शेअर सर्टिफिकेटं मिळाली आहेत. कंपन्यांची नावं इथे देत नाही, वर्णन देतो.

पहिलं, मध्य प्रांतातल्या एका कोळसा कंपनीचं. दहा रुपयांचे शेअर, चौफेर हिरवी वेलबुट्टी, चित्र नाही. खाली उठावाचा शिक्का, बाजूला जांभळी रबरी मोहर, मागे हस्तांतरणाचे रकाने. कोपऱ्यात टाचणी गंजून बसली आहे.

दुसरं अमेरिकेतल्या चांदीच्या खाणीचं, १८८० च्या दशकातलं. वर मधोमध मेणबत्तीच्या उजेडात खोदणारे कामगार, बाजूला खेचराने ओढायची गाडी. चित्र बघत राहावं असं आहे.

तिसरं फ्रेंचमधलं, भलं मोठं, खाली कुपनांची पट्टी अजून जोडलेली.

प्रश्न तीन. चित्र खरोखर पोलादी पत्र्यावर कोरून छापलं आहे की साधी छपाई, हे घरी कसं कळेल? पहिल्या कागदाचे पैसे अजून निघू शकतात का? आणि झेरॉक्सवाला म्हणतो लॅमिनेशन करून घ्या, उन्हाळ्यात कागद तडकतोय. करू का?

वणीचा_कोळसा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते काम तुम्ही उद्याच करून बसाल. लॅमिनेशन करू नोका भाऊ! गरम रोलरखालून गेला की उठावाचा शिक्का सपाट होते, कोरीव शाईचा उठाव दबते, न् प्लास्टिकचा गोंद धाग्यात घुसते. परत काढता येत नाही. लॅमिनेट केलेल्या सर्टिफिकेटले जाणता संग्राहक हातच लावत नाही. सेलोटेपचंही तेच. काही वर्षांत गोंद पिवळा पडून कागदात उतरते, टेप गळून जाते, डाग राहते.

भिंगवाला_नागपूर

छपाईचं सांगतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग लागेल, घड्याळजी किंवा सोनार वापरतात ते. आणि मोबाईलचा टॉर्च.

खोली अंधारी करा. कागद टेबलावर सपाट ठेवा आणि टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून आडवा धरा. कोरीव छपाईत शाई पत्र्याच्या खाचांत भरलेली असते आणि ओला कागद प्रचंड दाबाने त्या खाचांत ढकलला जातो, म्हणून रेघ कागदावर उभी राहते. आडव्या उजेडात प्रत्येक रेघेला बारीक सावली पडते. स्वच्छ, कोरडं बोट अगदी हलकं फिरवलं तर खरखर लागते. चित्राच्या मागच्या बाजूलाही कधी कधी दबलेली खूण दिसते. मात्र कागद अनेक वर्षं वजनाखाली दबलेला असेल तर उठाव कमी होतो, तेव्हा नुसत्या बोटावर निकाल देऊ नका.

मग भिंग. कोरलेली रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये जाड, शेवटी सुईच्या टोकासारखी निमुळती होते. गालावरची, दंडावरची सावली पाहा. रेघा अंगाच्या गोलाईबरोबर वळतात आणि जिथे उजेड हवा तिथे तुटक होऊन बारीक ठिपक्यांत संपतात. चेहरा कोरणारा, अक्षरं कोरणारा आणि यंत्रावर गोलाकार जाळी काढणारा, ही तिन्ही माणसं वेगळी असत. त्यामुळे चेहरा अप्रतिम आणि अक्षर साधारण, असंही सापडतं.

दगडी छपाईत, म्हणजे सपाट दगडावरून घेतलेल्या छापात (लिथोग्राफी), रेघ सपाट असते, शाईची जाडी सगळीकडे सारखी. रंगाचे मोठे भाग एकसंध भरलेले दिसतात. आणि भिंगाखाली सारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसली तर ती फोटोवरून केलेली हाफटोन छपाई. ती १८८० च्या दशकानंतर रुळली, म्हणून कागदावर तारीख १८७२ आणि चित्रात जाळी असेल तर तो नंतरचा नमुना समजा. निळे, गुलाबी, पिवळे विखुरलेले ठिपके म्हणजे घरच्या प्रिंटरची करामत.

या सगळ्यात एक फसवी जात आहे. कोरलेल्या पत्र्यावरचा ठसा विशेष कागदावर घेऊन तो दगडावर उतरवत आणि मग दगडावरून हजारो प्रती काढत. रेघांची रचना कोरीवकामाचीच, पण उठाव शून्य. भिंगाखाली निमुळती टोकं थोडी बोथट आणि मधेच तुटलेली दिसतात. तुमचं चांदीच्या खाणीचं सर्टिफिकेट याच जातीचं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

कारण असं. न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंद व्हायची तर सर्टिफिकेट पोलादावर कोरलेलं हवं आणि चित्रात माणसाची आकृती हवी, अशी अट होती. माणसाच्या चेहऱ्यातला फरक डोळा चटकन पकडतो, नकल करणाऱ्याची तिथेच पंचाईत होते. त्या अटीमुळे रेल्वे आणि मोठ्या कंपन्या १८५८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन बँक नोट कंपनीसारख्या छापखान्यांकडे जात. चांदी-सोन्याच्या छोट्या खाणींचे शेअर मात्र सॅन फ्रान्सिस्को किंवा गावोगावच्या बाजारात विकले जात. तिथे ही अट नव्हती आणि पैसाही नव्हता. ते ब्रिटन अँड रे सारख्या दगडी छापखान्याकडून काम करून घेत, नाहीतर शिकागोच्या गोज कंपनीची तयार चौकट घेऊन त्यात गावच्या छापखान्यात नाव छापून घेत. खालच्या चौकटीच्या रेघेशी भिंग धरा, छापखान्याचं नाव अगदी बारीक अक्षरात तिथेच सापडेल.

आणि चित्र त्या खाणीचं आहे असं गृहीत धरू नका. छापखान्याकडे चित्रांचा साठा असे, कंपनी त्यातून निवडत असे. तोच मेणबत्तीवाला कामगार पाच वेगळ्या कंपन्यांच्या कागदावर भेटतो.

तुमसरकर

भिंगवाला दादा, बघितलं. अमेरिकन चित्राची रेघ कोरीव वाटते पण सावली पडत नाही. टोकं तुटकच आहेत. महसुलाचं तिकीट कुठेच नाही, त्यामुळे खरं की खोटं अशी शंका येते. फ्रेंच कागदावर वळणदार फुलं-वेली, रंग भरलेला, सपाट.

भिंगवाला_नागपूर

मग दोन्ही दगडी छपाईच. तिकीट नसणं बरोबरच आहे. अमेरिकेत यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ पासून सर्टिफिकेटवर तिकीट लागायचं, तो कर १८७२ साली उठला आणि स्पेनशी युद्ध झालं तेव्हा १८९८ साली परत आला. मधल्या काळातला कागद कोराच असतो. उलट १८८५ च्या कागदावर ते तिकीट दिसलं असतं तर मीच शंका घेतली असती.

शेअर कोणाच्या नावावर आहे तेही बघा. नावापुढे ‘ट्रस्टी’ असेल तर तो बहुधा दलाल. अमेरिकेत नेवाडातल्या कॉमस्टॉक इथल्या चांदीच्या खाणींचे शेअर असेच दलालाच्या नावावर निघत, तो मागे सही करून मोकळा होई आणि मग कागद हातोहात फिरे.

नकली कागद ओळखायचा तर ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च घ्या. १९५० च्या सुमाराला कागदात चकाकी आणणारी रसायनं घालायला लागले. असा कागद त्या उजेडात निळसर पांढरा पेटतो, जुना कागद मंद पिवळट राहतो. चहात बुडवून ‘जुना’ केलेल्या कागदाचा रंग सगळीकडे सारखा असतो आणि कडेला साचतो. खरा जुना कागद घडीच्या बाहेर आलेल्या भागावर आणि कडांवर जास्त तपकिरी होतो, आत उजळ राहतो.

फ्रेंच कागदाची कुपनं कापू नका, सुटी झाली तरी फेकू नका. हा धारकाचा शेअर, म्हणजे ज्याच्या हाती कागद तो मालक. लाभांश घेताना एकेक कुपन कापून द्यायचं. कितव्या क्रमांकापासूनची कुपनं शिल्लक आहेत त्यावरून शेवटचा लाभांश केव्हा घेतला याचा अंदाज येतो.

वैनगंगा

सगळे चित्राच्या मागे लागलात. माझं मत वेगळं आहे. तुमसरकर भाऊंच्या तीन कागदांत आपल्या भागाच्या दृष्टीने मोलाचा तो पहिला, बिनचित्राचा. अमेरिकन खाणींचे कागद जगभर गठ्ठ्यांनी फिरतात. मध्य प्रांतातल्या खाण कंपन्यांचे कागद रद्दीत, चुलीत आणि उधईच्या पोटात गेले. इंग्रजांकडच्या आणि त्यांच्या वळणावर चाललेल्या इथल्या कंपन्यांनी चित्रावर खर्च केला नाही. चौकट, गोल जाळी, शिक्का, संपलं. अशा कागदाचं मोल मजकुरात असतं.

काळ ठरवायला आधी छापील ओळ वाचा. कंपनी कोणत्या कायद्याखाली नोंदली ते लिहिलेलं असतं : १८६६ चा दहावा, १८८२ चा सहावा, १९१३ चा सातवा की १९५६ चा पहिला. ही झाली कंपनीच्या जन्माची खूण. सर्टिफिकेटची तारीख वेगळी, ती हाताने भरलेली असते. पत्त्यात ‘सी. पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) असेल तर छापील फॉर्म १९५० च्या आधीचा. मध्य प्रदेश आणि नागपूर एकत्र असेल तर १९५० ते १९५६. त्यानंतर मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. मात्र कंपन्या जुने फॉर्म संपेपर्यंत वापरत, म्हणून छापलेला पत्ता खोडून वर नवा शिक्का मारलेला दिसला तर तो दोष नाही, पुरावा आहे. आणे असतील तर १९५७ च्या आधीचा हिशेब, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. तळाशी मॅनेजिंग एजंटची, म्हणजे कराराने कंपनीचा कारभार बघणाऱ्या पेढीची, सही असेल तर एप्रिल १९७० च्या आतला, कारण ती पद्धत तेव्हा कायद्याने बंद झाली.

मागचे रकाने सोडू नका. हस्तांतरणाची तारीख, क्रमांक, घेणाऱ्याचं नाव, फोलिओ (भागधारकांच्या नोंदवहीतला खाते क्रमांक). तिथे गावातला मालगुजार, इतवारीतला व्यापारी, कलकत्त्याचा दलाल एकाखाली एक येतात. प्रत्येक शेअरवर किती रुपये भरले तेही वाचा. दहाच्या शेअरवर पाचच भरलेले असतील तर कंपनीने उरलेला हप्ता मागितला होता का, आणि न भरल्याने शेअर जप्त झाला का, हे कधी कधी मागेच नोंदलेलं असतं.

मालक कोण, खाण कुठे, हे पडताळायला १९०८-०९ ची जिल्हा गॅझेटियर आणि मँगनीजसाठी भूगर्भ खात्यातल्या फर्मर यांचा १९०९ चा अहवाल उपयोगी पडतो. तुमच्या भागाचा मँगनीजचा धागा सरळ आहे. १८९६ ची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट, पुढे तिचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी, १९६२ मध्ये तिच्याबरोबर सरकारची भागीदारी होऊन आजची मँगनीज खाणींची सरकारी कंपनी, मॉइल. उरलेला ४९ टक्के वाटा सरकारने १९७७ मध्ये घेतला. चिखला, डोंगरी बुजुर्ग, मनसर, कांद्री याच रांगेतल्या खाणी. एक सावधगिरी : वरोऱ्याची जुनी कोळसा खाण सरकारी होती, १९०६ साली बंद पडली. त्या खाणीचे ‘शेअर’ कोणी विकायला आणले तर चहा पाजा, पैसे देऊ नका.

आता पैसे निघतील का ते. १ मे १९७३ ला कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा सरकारने खाणी घेतल्या, कंपन्या नाहीत. कायद्याच्या परिशिष्टात खाणीचं नाव, मालक आणि द्यायची रक्कम छापलेली आहे. कंपनी कागदावर उरली. काही दुसऱ्या धंद्यात गेल्या, काही विलीन झाल्या, काही गुंडाळल्या. म्हणून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून स्थिती बघा : चालू, विलीन, परिसमापनात (गुंडाळण्याचं काम चालू), की नोंदवहीतून काढलेली. नाव बदललेलं असू शकतं, तेव्हा जुन्या नावानेही शोधा. चालू किंवा विलीन निघाली तर सर्टिफिकेट हौशी माणसाला विकू नका. ज्याचं नाव त्याच्या वारसांचा तो हक्क आहे. सात वर्षं लाभांश कोणी घेतला नसेल तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असतात, तिथे नावाने शोध घेता येतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांच्या कागदी शेअरची नवी खरेदी-विक्री १ एप्रिल २०१९ पासून नोंदली जात नाही, वारसाच्या नावे करणं मात्र चालतं.

भिंगवाला_नागपूर

वैनगंगा ताई, मजकुराचं मान्य. पण ज्याला कोरीवकाम गोळा करायचं आहे त्याने आपल्याकडचे चौकटीवाले कागद का घ्यावे? हौस वेगळी, भाग वेगळा. दोन्ही एका फाइलीत कोंबले की दोन्ही अर्धवट राहतात.

वैनगंगा

तेही खरं. फक्त त्याच्या हातात जे आलंय त्यातलं दुर्मीळ कोणतं, एवढंच सांगत होते. विकत घेताना आणखी बघायचं ते असं : प्रत्यक्ष दिलेलं, रद्द केलेलं, की कधी दिलंच नाही असं कोरं. न दिलेली सर्टिफिकेटं स्थळप्रतीसकट पुस्तकातून फाडून विकली जातात. ती स्वच्छ दिसतात, पण सही नाही, क्रमांक हाताने घातलेला नाही. रद्द केल्याची भोकं सहीवर किंवा चेहऱ्यावर पडली असतील तर किंमत उतरते, कडेला असतील तर फारसं बिघडत नाही.

बांधणीघर

टाचणी आणि साठवणुकीचं मी सांगतो, कागद दुरुस्तीच्या कामातलं.

गंजलेली टाचणी ओढू नका, गंज धाग्याला चिकटलेला असतो आणि कागदाचा तुकडा बरोबर येतो. पॉलिएस्टर फिल्मची (पारदर्शक, ताठ प्लास्टिकची) बोटभर रुंद पट्टी कापा आणि टाचणी व कागद यांच्या मध्ये पुढून सरकवा. तशीच दुसरी मागून. आता फिल्मवर टेकून टाचणी हळूच मागे सरकवून काढा. सुटा गंज मऊ कोरड्या ब्रशने झाडा. डाग तसाच राहू द्या. लिंबू, ऑक्झॅलिक ॲसिड, ब्लीच यांच्या नादी लागू नका, डागाबरोबर कागदाचाही जीव जातो.

पाणी कुठेही लावू नका. जांभळी रबरी मोहर आणि कॉपिंग पेन्सिल (रंग मिसळलेल्या शिशाची जुनी पेन्सिल) दोन्ही पाण्याने फुटतात, थेंबभर पाण्यात जांभळा ढग पसरतो. घड्या सरळ करायच्या तर खाली-वर पांढरा टीपकागद, त्यावर काच, काचेवर दोनेक किलो वजन, दोन-तीन आठवडे. उठावाच्या शिक्क्यावर वजन येऊ देऊ नका, टीपकागदाला तेवढं गोल भोक पाडा.

फाटलेली घडी बाइंडरकडे देताना खळ कसली ते विचारा. आपल्याकडे मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. वह्यांना चालतं, जुन्या कागदाला नाही. त्यातलं तांबं आणि आम्ल दोन्ही कागद ठिसूळ करतात. गव्हाच्या स्टार्चची मोरचूदविना खळ आणि जपानी टिश्यू (दुरुस्तीचा पातळ, चिवट कागद) हा धडा पाठ असलेल्याकडेच द्या. तसा कोणी जवळ नसेल तर फाटकं फाटकंच ठेवा, पॉलिएस्टरच्या पाकिटात ते नीट राहतं.

पाकीट पॉलिएस्टरचं किंवा पॉलिप्रॉपिलिनचं, लहान कागदाला ७५ मायक्रॉन, फ्रेंच कागदाएवढ्या मोठ्याला १००. दोनच बाजू बंद हव्यात, म्हणजे कागद ओढावा लागत नाही, फिल्म उघडून उचलता येतो. स्टेशनरीतली मऊ, वास येणारी पाकिटं पीव्हीसीची असतात, ती शाई ओढून घेतात. शंका असेल तर अंगणात तांब्याची तार तापवून लाल करा, पाकिटाच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. धूर नाकात जाऊ देऊ नका.

तडकण्याचं कारण नुसतं ऊन नाही. मे महिन्यात कूलर चालू असतो तोवर खोलीत दमट हवा, बंद केला की तासाभरात हवा कोरडी ठणठणीत. कागद रोज फुगतो आणि आकसतो, आधी घडीवर तुटतो. कूलरच्या खोलीत, कूलरच्या झोतात आलमारी ठेवू नका. आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून चार-पाच इंच पुढे, पाय विटांवर. आत ओलावा मोजायचं छोटं यंत्र ठेवा. काटा ४० ते ५५ टक्क्यांत हवा. पावसाळ्यात सिलिका जेल ठेवा, नारिंगी दाण्यांचं. रंग उडाला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतं. डांबर गोळ्या प्लास्टिकच्या पाकिटांशेजारी नकोत.

कसर किंवा वाळवीची शंका असलेला नवा गठ्ठा थेट आलमारीत घालू नका. झिप पाकिटात हवा काढून बंद करा आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पाकीट २४ तास उघडायचं नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं आणि जांभळी मोहर तिथेच जाते.

तुमसरकर

फार उपयोग झाला. आणखी एक : परदेशातला एक जण पहिल्या कागदासाठी मागे लागला आहे. पोस्टाने पाठवू का? सर्टिफिकेट १९२७ चं आहे.

वैनगंगा

नाही भाऊ, असं पाठवू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक मोल असलेली कागदपत्रं ७५ वर्षांहून जुनी असली की पुरावशेषात मोडतात, आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला मनाई आहे. तुमचा कागद मोल असलेला मानायचा की नाही, हे तुम्ही किंवा गिऱ्हाइकाने ठरवायचं नसतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे तो पुरावशेष नसल्याचा दाखला मागता येतो, त्यांचं नागपुरात मंडळ कार्यालय आहे. दाखल्याविना कस्टम्समध्ये अडकला तर कागदही जातो. देशात विकायला ही अडचण नाही, पण त्याचा धंदा करायचा झाला तर परवाना लागतो.

त्याआधी स्कॅन करून ठेवा. पूर्ण कागद ३०० डीपीआय, शिक्का आणि चौकटीचा कोपरा ६०० डीपीआय, मागची बाजूही. काचेवर ठेवूनच, कागद आत ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये कधीच नाही. उठावाचा शिक्का स्कॅनमध्ये दिसत नाही, त्याचा फोटो आडव्या टॉर्चने वेगळा काढा. गिऱ्हाइकाला स्कॅन पाठवायचा झाला तर कमी रिझोल्यूशनचा पाठवा, नाहीतर पुढच्या महिन्यात तुमच्याच कागदाची रंगीत नकल कुठेतरी विक्रीला दिसेल.

वणीचा_कोळसा

न् फोलिओ नंबर झाका त्या स्कॅनमधी. कंपनी चालू निघाली तर लफडं व्हाचं.